परदेश प्रवासात खिशातला चाकू: कुठे चालतो, कुठे अंगाशी येतो?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात मी, बायको आणि एकोणीस वर्षांचा मुलगा असे तिघं अठरा दिवसांसाठी निघतोय. मुंबईहून लंडन, तिथून रेल्वेने एडिनबरा, पुढे स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये चार दिवस पायी भटकंती, मग विमानाने झुरिक, स्वित्झर्लंडमध्ये सहा दिवस आणि शेवटी रेल्वेने म्युनिक. तिथे मावसबहीण राहते. परतीचं विमान तिथूनच.

प्रश्न चाकूचा आहे. माझ्याकडे लाल मुठीचा स्विस चाकू आहे, मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांबीचा. १९८८ साली काकांनी झुरिकहून बाबांसाठी आणला होता. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे आला. राजगड असो, रतनगड असो की हरिश्चंद्रगड, सॅकच्या वरच्या कप्प्यात तो असतोच. काकडी चिरायला, दोरी कापायला. एकदा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत एका मित्राच्या बुटाचा तळ सुटला, तेव्हा त्याच चाकूच्या टोच्याने भोकं पाडून सुतळीने तो बांधला होता. हा चाकू जिथे घडला त्या देशात त्याला एकदा घेऊन जावं अशी फार इच्छा आहे. मुलाकडे लेदरमन वेव्ह (पक्कड आणि चाकू एकत्र असलेलं घडीचं हत्यार) आहे, त्यालाही तो न्यायचाय.

ट्रॅव्हल एजंट म्हणाला, "चेक-इनमध्ये टाका, काही होत नाही." विमानाचं झालं. पण उतरल्यावर तो खिशात ठेवून रस्त्यावर फिरायचं का, हे कोणी सांगेना. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कसबा_ते_कात्रज

चांगला विषय. वाचतोय.

टेम्सकाठी

पाऊलवाट, बरं झालं निघण्याआधी विचारलंत. मी मूळचा सहकारनगरचा, सतरा वर्षं लंडनमध्ये आहे. इथला नियम नीट समजून घ्या, कारण तो आपल्या अंदाजाच्या उलटा आहे.

१९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं कलम १३९ सांगतं की सार्वजनिक जागी धारदार किंवा टोकदार वस्तू जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. त्याला एक सूट आहे: मिटणारा खिशातला चाकू, ज्याच्या पात्याची धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंमीपेक्षा जास्त नाही. असा चाकू तुम्ही कारण न देता खिशात ठेवू शकता. पण 'मिटणारा' याचा अर्थ इथल्या न्यायालयांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरवून दिला आहे. पातं उघडल्यावर लॉक होत असेल आणि मिटवायला खटका किंवा बटण दाबावं लागत असेल, तर तो कायद्याच्या दृष्टीने मिटणारा नाहीच. मग पातं दोन इंचांचं का असेना.

म्हणजे तुमच्या बाबांचा चाकू चालेल. ९१ मिलिमीटरच्या स्विस चाकवाचं पातं लॉक होत नाही, नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं. मुलाचा वेव्ह मात्र लॉक होतो, त्यामुळे तो खिशात घालून ऑक्सफर्ड स्ट्रीटवर फिरणं हा सरळ गुन्हा. जास्तीत जास्त शिक्षा चार वर्षांची आहे. 'योग्य कारण' असलं तर बचाव मिळतो, उदा. सुताराला कामावर जाताना. पण ते कारण त्या दिवशी, त्या जागी लागू पडलं पाहिजे. परवा डोंगरात गेलो होतो म्हणून आज पबमध्ये खिशात राहिला, हे कोणी ऐकून घेत नाही.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, पण ३ इंच आणि लॉक नसणं ही अट तिथेही तीच.

अनघा_कोथरूड

राग मानू नका, पण न्यायचाच कशाला? हॉटेलात सुरी मिळते, सुपरमार्केटमध्ये कापलेली फळं मिळतात. परक्या देशात पोलिसांना समजावत बसायची वेळ येण्यापेक्षा घरीच राहू दे की. मुलाला घेऊन जाताय, म्हणून जास्त वाटतं.

पाऊलवाट

टेम्सकाठी, मनापासून आभार. लॉकचं ऐकून धक्काच बसला. मी उलट समजत होतो की लॉकवाला चाकू बोटावर मिटत नाही म्हणून सुरक्षित, तर तोच चालत असेल.

अनघाताई, राग कसला. तुमचं म्हणणं व्यवहाराचं आहे. पण डोंगरात चार दिवस तंबूत राहणार आहोत. तिथे पाव, चीज, दोरी, पट्टी, सगळ्याला चाकू लागतो. आणि हा चाकू नेण्यात माझं मन गुंतलंय, हेही खरंच.

लॉकवरून_आठवलं

पाऊलवाट, तुमचं कारागिराच्या बाजूने बरोबर आहे. लॉक हातासाठी सुरक्षित. पण कायदा पोलिसाच्या बाजूने बघतो: उघडा राहणारा चाकू भोसकायला वापरता येतो, न लॉक होणारा भोसकताना वापरणाऱ्याच्याच बोटांवर मिटतो. ओपिनेलचंच बघा. फ्रान्सच्या सावोय भागात १८९० पासून बनणारा साधा शेतकऱ्याचा चाकू. १९५५ साली त्यांनी मुठीवर फिरणारी कडी बसवली, पातं पक्कं राहावं म्हणून. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंमी. फ्रान्समध्ये घरोघरी असणारा हा चाकू लंडनच्या रस्त्यावर दोन्ही अटींत नापास.

सुटलेली_शिवनेरी

अनघाताईंचा मुद्दा वाचून माझी गोष्ट सांगावीशी वाटली.

२०१६ साली आम्ही लेकीकडे निघालो होतो. आदल्या रविवारी मी सिंहगडला गेले होते आणि तीच सॅक केबिनसाठी घेतली. आईचा छोटा चाकू, हस्तिदंती रंगाच्या मुठीचा, आजोबांनी तिला बोर्डात आल्याबद्दल दिलेला, तो बाजूच्या कप्प्यात राहिला. सुरक्षा तपासणीत स्क्रीनवर दिसला. ड्यूटीवरचा मुलगा फार अदबीने बोलला, "मॅडम, परत जाऊन चेक-इन करा किंवा इथे सोडा." बॅगा केव्हाच आत गेल्या होत्या, बोर्डिंग सुरू झालं होतं. सोडायला आलेली माणसं पुण्याच्या वाटेला लागली होती. त्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये नेलकटर, कात्र्या, लायटर पडले होते, त्यांच्यात तो ठेवला. आजही डोळ्यांसमोर येतो.

चूक पूर्ण माझी होती. म्हणून सांगते, ट्रेकची सॅक केबिनसाठी घेऊच नका. घ्यायचीच तर आदल्या रात्री प्रत्येक कप्पा उलटा करून झटका.

पाऊलवाट

ताई, वाचताना पोटात कालवलं. माझ्या बाबतीत हे अगदी होऊ शकलं असतं, सॅक तीच न्यायचं ठरवलं होतं. आता बदलतो.

बिनधास्त_भोर

मला वाटतं जवळ असावाच. रात्री-अपरात्री परक्या शहरात बायकामुलांबरोबर असताना काही प्रसंग आला तर निदान हातात काहीतरी असेल.

टेम्सकाठी

भोरकर, हे वाक्य कृपया प्रवासात कुठेही, कोणासमोरही उच्चारू नका. ब्रिटनमध्ये स्वसंरक्षण हे 'योग्य कारण' धरलं जात नाही. उलट कायदेशीर असलेला छोटा चाकूसुद्धा माणसावर वापरायच्या उद्देशाने जवळ ठेवलाय असं तुम्हीच सांगितलंत, तर तो हत्यार ठरतो. सफरचंद कापायला ठेवलेला चाकू एका वाक्यात शस्त्र होतो.

बूमरँग_बाणेर

हेच ऑस्ट्रेलियात. न्यू साउथ वेल्समध्ये सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायला वाजवी सबब लागते, आणि स्वसंरक्षण ही सबब चालत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. जेवण बनवणं, मासेमारी, कामधंदा चालतो.

बिनधास्त_भोर

हे माहीत नव्हतं. विचार बदलला. धन्यवाद.

गोदातीर

मी नांदेडचा, शीख आहे, नोकरीनिमित्त खडकीला असतो. आमच्यासाठी हा प्रश्न रोजचाच, म्हणून थोडं लिहितो.

कृपाण हा श्रद्धेचा भाग. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात तिचा स्पष्ट उल्लेख आहे. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंतची कृपाण अंगावर ठेवता येते. आंतरराष्ट्रीय उड्डाणाला ही सवलत नाही, तेव्हा मी ती चेक-इनमध्ये ठेवतो आणि उतरल्यावर धारण करतो. ब्रिटनच्या कायद्यात धार्मिक कारणाला वेगळा बचाव दिलेला आहे. त्याच यादीत राष्ट्रीय पोशाखही आहे, म्हणून स्कॉटिश माणूस किल्टबरोबर मोज्यात खोचायचा छोटा सुरा घालू शकतो. कॅनडाने नोव्हेंबर २०१७ पासून ६ सेंमीपर्यंतचं पातं केबिनमध्ये नेऊ दिलं, अमेरिकेला जाणारी विमानं सोडून. पण त्याच वर्षी इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने एका शीख माणसाला कृपाण बाळगल्याबद्दल झालेला दंड कायम ठेवला. एक देश ओलांडला की सगळं बदलतं. मी प्रत्येक प्रवासाआधी नव्याने वाचतो, मागच्या वेळेच्या आठवणीवर कधी जात नाही.

कसबा_ते_कात्रज

गोदातीर, फार मोलाची माहिती. वाचनखूण साठवली.

मालतीमावशी

मुलांनो, विषयाला थोडं सोडून विचारते. सुनेने मंडईतली घडीची विळी मागवली आहे, खवणीसकट. ती जर्मनीत स्टुटगार्टला असते. आता ही विळी मिटते, म्हणजे 'मिटणारा चाकू' झाली का?

लॉकवरून_आठवलं

मावशी, तुमच्या प्रश्नावर लंडनच्या न्यायाधीशांनाही पाटावर बसून विचार करावा लागेल! 🙂

इसारकाठ

मावशी, मी म्युनिकला आहे, उत्तर देतो. विळी सामानातून बिनधास्त आणा. इथला कायदा प्रामुख्याने बाहेर अंगावर बाळगण्याबद्दल आहे. बंद बॅगेत घरापर्यंत न्यायला आणि घरात वापरायला काही अडचण नाही. फक्त पात्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावा, वर चिकटपट्टी, मग जुन्या साडीत गुंडाळा. बॅग तपासायला उघडणाऱ्याच्या हाताला लागू नये ही आपली जबाबदारी. खवणीचे दात विसरू नका, तेच आधी लागतात.

आता पाऊलवाट, तुमच्यासाठी. जर्मनीत लॉक असणं हाच एकटा मुद्दा नाही. शस्त्र कायद्याचं कलम ४२अ म्हणतं की एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू, किंवा १२ सेंमीपेक्षा लांब पात्याचा न मिटणारा चाकू, सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगू नये. म्हणजे ८ नंबरचा ओपिनेल लंडनमध्ये नापास, पण इथे दोन हातांनी उघडायचा म्हणून या कलमातून सुटतो. वेव्ह अंगठ्याने उघडतो आणि लॉक होतो, तो मात्र इथेही अडकतो.

आणखी एक. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेन शहराच्या उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली. झोलिंगेन म्हणजे जर्मनीतलं चाकू-कात्र्यांचं पिढीजात गाव, त्यामुळे ती बातमी इथे फार लागली. त्यानंतर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून नियम कडक झाले. जत्रा, उत्सव, क्रीडा सामने अशा ठिकाणी चाकू न्यायचाच नाही, लांबी कितीही असो. लांब पल्ल्याच्या गाड्यांमध्येही बंदी आहे. सहज हाताला येणार नाही असा बंद बॅगेत तळाशी असेल तर चालतो. तुम्ही झुरिकहून रेल्वेने येताय, म्हणजे हे थेट तुम्हाला लागू. खिशात नको, सॅकच्या वरच्या कप्प्यात नको. मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या खाली, डब्यात.

मालतीमावशी

इसारकाठ, तुझं भलं होवो. जुनं इरकल काढून ठेवलं आहे गुंडाळायला. अडकित्ता पण टाकू का?

इसारकाठ

टाका मावशी. तोही तसाच गुंडाळून.

बूमरँग_बाणेर

ऑस्ट्रेलियाला नेणाऱ्यांसाठी जोड: अडकित्त्यापेक्षा सुपारी जास्त महत्त्वाची. वनस्पतीजन्य काहीही असेल तर उतरल्यावर कार्डावर जाहीर करावंच लागतं. लपवलं तर दंड.

कागाची_कुकर

जपानचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पाच वर्षं टोक्योत होते, आता औंध.

तिथे ६ सेंमीपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय बाळगता येत नाही. काही मिटणाऱ्या चाकवांना ८ सेंमीपर्यंत सूट आहे. पण ६ च्या आत आहे म्हणून सुटलो असं समजू नका. किरकोळ गुन्ह्यांचा वेगळा कायदा आहे, त्याखाली छोटा चाकूही विनाकारण लपवून बाळगला तर पोलीस विचारतात. किचेनला लटकवलेला चिमुकला स्विस चाकूसुद्धा यात येऊ शकतो. २००८ च्या जूनमध्ये अकिहाबारात हल्ला झाला, त्यानंतर दुधारी खंजिरासारखी पाती ५.५ सेंमीपासून घरात ठेवायलाही बंदी आली.

आणि तरीही जपानला जाऊन चाकू न घेता परत येणं फार अवघड! टोक्योतल्या कप्पाबाशी बाजारात गेलात की स्वयंपाकाच्या सुऱ्यांची दुकानंच दुकानं. मी आईसाठी भाजीची सुरी घेतली. दुकानदाराने खोक्यात घालून, कागदात बांधून, टेप लावून दिली आणि वाटेत उघडू नका असं हाताने खुणावून सांगितलं. तशीच हॉटेलवर नेली, तशीच चेक-इनमध्ये गेली. दुकानातून हॉटेलपर्यंत पॅक केलेली सुरी नेणं हे सबळ कारण. तीच सुरी दुसऱ्या दिवशी पर्समध्ये ठेवून मंदिर बघायला जाणं, हे नाही.

हडसनपार

अमेरिकेत जाणाऱ्यांनी 'अमेरिकेचा नियम' शोधूच नये, राज्याचा आणि शहराचा शोधावा. मी न्यू जर्सीत राहतो, कामाला न्यूयॉर्कला जातो. न्यूयॉर्क शहरात ४ इंच किंवा त्याहून लांब पातं सार्वजनिक जागी चालत नाही, आणि लहान पातंही बाहेरून दिसता कामा नये. खिशाच्या काठाला क्लिपने अडकवायची सवय इथे महागात पडते. शिवाय स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला जाताना बोटीत चढायच्या आधी विमानतळासारखी तपासणी होते, तिथे खिशातला चाकूही नेता येत नाही. अशा ठिकाणी जायच्या दिवशी तो हॉटेलवरच असू द्या. पॅरिसच्या आयफेल टॉवरलाही तेच.

विमानाबद्दल एक जुनी आठवण. २०१३ च्या मार्चमध्ये इथल्या विमान सुरक्षा खात्याने जाहीर केलं होतं की ६ सेंमीपर्यंतचे चाकू केबिनमध्ये चालतील. हवाई सेविकांच्या संघटनांनी जोरदार विरोध केला आणि जूनमध्ये निर्णय मागे घेतला गेला. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. बंद विमानात रोज काम करणाऱ्या माणसाचा शब्द शेवटचा असावा.

अनघा_कोथरूड

पूर्ण सहमत.

सुटलेली_शिवनेरी

युरोपात केबिनमध्ये ६ सेंमीपर्यंत चालतं असं ऐकलंय. खरं आहे का?

इसारकाठ

युरोपीय संघाच्या नियमात ६ सेंमीपेक्षा लांब पात्याला बंदी आहे, हे खरं. पण त्यावर विसंबू नका. तपासणाऱ्या माणसाला धोकादायक वाटलं तर तो अडवू शकतो. आणि आपण पुण्या-मुंबईला येताना बहुधा मध्ये कुठेतरी विमान बदलतो, तिथे पुन्हा तपासणी. भारतात तर केबिनमध्ये चाकू नाहीच. सुरुवातीला चाललेला चाकू मधल्या विमानतळावर ट्रेमध्ये जातो. शिवनेरीताईंच्या आईच्या चाकवासारखा.

धारवाला

थोडं अवांतर, पण पाऊलवाटांच्या चाकवाच्या जन्मगावाबद्दल लिहितोच. माझं बोहरी आळीत हत्यारांचं छोटं दुकान आहे, चाकू हा जिव्हाळ्याचा विषय.

कार्ल एल्सेनर याने १८८४ साली इबाख गावात कार्यशाळा सुरू केली. सुरुवातीला स्विस सैन्यासाठी चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून येत, वर इसारकाठने लिहिलंय तेच गाव. आपल्या सैनिकाचा चाकू आपल्याच देशात बनावा हा त्याचा ध्यास. बुचाच्या स्क्रूसकटचा अधिकाऱ्यांचा चाकू त्याने १२ जून १८९७ ला नोंदवला. आई वारल्यावर तिचं व्हिक्टोरिया हे नाव आपल्या मालाच्या छापाला दिलं, पुढे गंज न चढणारं पोलाद आलं तेव्हा त्याला इनॉक्स जोडलं, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्स. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानतळांवरची विक्री एकदम बसली, तरी कंपनी उभी राहिली. २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की पातं नसलेल्या हत्यारांवरही काम चाललंय, कारण वेगवेगळ्या देशांतले हेच नियम.

पाऊलवाट, इबाखच्या जवळ सरोवराकाठी ब्रुनेन गाव आहे. तिथे त्यांचं दुकान आणि छोटं संग्रहालय आहे. जरूर जा. आणि स्वित्झर्लंडमध्ये तुमचा चाकू खुशाल खिशात ठेवा, साधा खिशातला चाकू तिथे शस्त्र धरत नाहीत.

पाऊलवाट

काल रात्री फूटपट्टी घेऊन बसलो. धार सहा सेंमीच्या किंचित वर भरली, लॉक नाही, उघडायला दोन्ही हात लागतात. पात्याच्या बुडाशी व्हिक्टोरिनॉक्स आणि स्वित्झर्लंड ही अक्षरं अजून वाचता येतात. म्हणजे बाबांचा चाकू लंडनच्या अटीत बसतो, जर्मनीच्या ४२अ मध्ये अडकत नाही आणि स्वित्झर्लंडमध्ये तर घरचाच.

तरी ठरवलंय असं: लंडनमध्ये तो हॉटेलच्या खोलीत राहील, कायदा परवानगी देत असला तरी. तिथे मला त्याची गरजच नाही. हायलँड्समध्ये सॅकमध्ये जेवणाच्या डब्याबरोबर. प्रत्येक विमानाला चेक-इनमध्ये, चामडी पाकिटात. झुरिक-म्युनिक गाडीत मोठ्या बॅगेच्या तळाशी, आणि म्युनिकमध्ये बहिणीच्या घरीच. स्वित्झर्लंडचे सहा दिवस मात्र खिशात.

मुलाचा वेव्ह घरी राहणार. त्याला वाईट वाटलं. दोन दिवस गप्प होता. मग हा सगळा धागा त्यानेच वाचून काढला आणि म्हणाला, ब्रुनेनला मला लॉक नसलेला घेऊन द्या. देणार आहे.

टेम्सकाठी

उत्तम. लंडनला आलात की घरी जेवायला या. काकडी मी चिरून ठेवतो.

धारवाला

निघायच्या आधी एकदा दुकानावर या. छत्तीस-सदतीस वर्षांचा चाकू आहे, बिजागरीत तेलाचा थेंब आणि पात्याला हलकी धार लावून देतो. पैसे घेणार नाही.

पाऊलवाट

शनिवारी संध्याकाळी येतो. दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?

धारवाला

आठपर्यंत. फोटोतली लाल मूठ बघायची आहे, विसरू नका.

मालतीमावशी

शनिवारी मी पण येते रे. विळीचं पातं जरा बोथट वाटतंय.